गालावर सरसर फिरणारा वस्तरा गळ्यावर का अडतो?

सलूनच्या खुर्चीत डोके मागे टेकलेले असते, फेस जवळपास उतरलेला असतो आणि कारागीर विचारतो, ‘उलटा हात मारू का?’ डोळे न उघडताच आपण ‘मारा’ म्हणतो. गालाला ते बहुतेक वेळा सोसते. गळा मात्र दुसऱ्या दिवशी हिशेब मागतो. लाल पुरळ येते, कॉलर घासली की आग होते आणि काही दिवसांनी कातडीत रुतलेल्या केसांच्या पुटकुळ्या दिसू लागतात. घरी स्वतः वस्तरा चालवणाऱ्यांचीही पहिली जखम बहुधा इथलीच. असे का होते?

गळ्याची अडचण काय?

गालावरचे केस साधारणपणे वरून खाली वाढतात. जबड्याची कड ओलांडली की हा नियम मोडतो. गळ्याच्या खालच्या भागातले केस अनेकांचे वर, हनुवटीकडे वाढतात. बाजूचे आडवे जातात. काहींच्या गळ्यावर तर चक्क भोवरा असतो. त्यामुळे गालावरचाच ‘वरून खाली’ हात पुढे चालू ठेवला, तर गळ्यावर तो नकळत उलटा पडतो.

शिवाय गालामागे हाड आणि दातांचा आधार आहे. गळ्याची कातडी सैल, मध्येच कंठमणी उंच आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. सरळ पाते खळग्यात पूर्ण टेकत नाही. टेकते ते टोक, आणि तेच रुतते. 1904 मध्ये किंग कॅम्प जिलेट यांना अमेरिकेत ज्या सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले, त्यात पात्याचा कोन बराचसा रेझरच सांभाळतो. वस्तऱ्यात ते काम मनगटाचे. पाते कातडीशी साधारण 30 अंशांत हवे. फार आडवे झाले तर केस ओढले जातात, फार उभे झाले तर कातडी सोलते.

मग हात कसा फिरवायचा?

आधी दिशा ओळखा. एक-दोन दिवस दाढी वाढू द्या आणि गळ्यावर चारही बाजूंनी बोट फिरवा. जिकडे बोट अडत नाही, ती सुलटी दिशा. दाढी अंघोळीनंतर करावी आणि केसांच्या दिशेनेच करावी, असा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला असतो. कोमट पाण्याने केस मऊ होतात, पात्याला जोर लागत नाही.

खरे कसब मात्र वस्तरा न धरलेल्या हाताचे. जबड्याखालची कातडी बोटांनी किंचित वर, हाडावर ओढून घ्यायची. म्हणजे मऊ जागेची दाढी कठीण जागेवर होते. कंठमण्यावरची कातडी एका बाजूला सरकवायची, तिथे हात मारायचा, मग दुसऱ्या बाजूला. मान फार मागे टाकली तर कंठमणी आणखी वर येतो, म्हणून थोडीशीच उचलायची. फेसाने बोटे निसटत असतील तर ओल्या तुरटीवर टेकवून घ्यावीत, पकड येते. हात आखूड, अर्ध्या-पाऊण इंचाचे. आणि पाते कधीही धारेच्या रेषेत आडवे सरकवायचे नाही. सुरीने भाजी चिरतो तशी कातडी चिरली जाते, गळ्यावरचे लांब काप बहुधा असेच होतात.

पुटकुळ्या कशामुळे?

कातडी ताणून उलटा हात मारला की केस पृष्ठभागाच्याही खाली कापला जातो. ताण सुटताच तो आत जातो आणि वाढताना त्याचे टोकदार अग्र कातडीतच घुसते. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त. वैद्यकीय भाषेत याला ‘सुडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ म्हणतात. ज्यांना असे वारंवार होते, त्यांनी कातडी बेतानेच ताणावी, गळ्यावर एकच सुलटा हात घ्यावा आणि थोडे खुंट राहिले तर राहू द्यावे. गुळगुळीतपणाचा हट्ट इथे महाग पडतो. ट्रिमर हाही सोपा पर्याय आहे. रुतलेला केस पिनेने उकरू नये. पू झाला असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

सलूनमध्ये काय पाहायचे?

धोकटीतला जुना वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून पुन्हा पुन्हा वापरला जाई. आता बहुतेक ठिकाणी अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा असतो आणि त्याचा खरा फायदा म्हणजे दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड. गळ्यावर बारीक काप सहज होतात, म्हणून ही गोष्ट किरकोळ नाही. हिपॅटायटिस ‘बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस संसर्गक्षम राहू शकतो. तुरटीने रक्त थांबते, पण ती विषाणूंवरचा उपाय नाही. वापरलेल्या पात्यावरून जंतुनाशकाचा बोळा फिरवणेही पुरेसे नाही. ब्लेड आपल्यासमोर वेष्टनातून काढून बसवायला सांगावे. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही. अनेक जण न सांगताच तसे करतात.