रांग, मान आणि नामवंत : देवस्थाने व करमणूक उद्याने यांतील खास वागणुकीचा विचार

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी, नरसी नामदेव हे गाव आहे. संत नामदेवांचे (१२७०–१३५०) हे जन्मस्थान होय, अशी परंपरा आहे. आषाढी वारीनंतरच्या वद्य एकादशीस, म्हणजे परतवारीस, येथे भाविकांची मोठी दाटी होते. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे घडलेली म्हणून सांगितली जाणारी एक कथा सर्वपरिचित आहे. नामदेव देवळासमोर कीर्तनास उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तेथून दूर केले. ते देवळामागे जाऊन कीर्तन करू लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांतही याच आशयाचा प्रसंग आलेला आहे. अर्थात ही कथा निदान चार शतके तरी लोकांच्या मनात घर करून आहे.

कथेतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवला, तर तिच्या मुळाशी एक सामाजिक प्रश्न आढळतो. पुढे कोणी उभे राहावे, मागे कोणी, आणि हे ठरवावे कोणत्या आधारावर? नामवंत व्यक्तींना करमणूक उद्यानांत आणि देवस्थानांत जी खास वागणूक मिळते तिच्याविषयीची आजची चर्चा म्हणजे याच प्रश्नाचे नवे रूप होय. करमणूक उद्यान आणि देवस्थान यांचा एकत्र विचार करणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु आपल्याकडील जत्रेत दर्शन आणि करमणूक ही एकाच आवारात नांदत आली आहेत. देवळाच्या दारी दर्शनाची रांग आणि पलीकडच्या माळावर पाळण्याभोवती मुलांची रांग, हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. शिवाय दोन्ही ठिकाणी मूळ अडचण एकच : येणारे पुष्कळ, आणि एका वेळी सामावतील असे थोडे.

या अडचणीचा गणिती अभ्यास डेन्मार्कमधील गणिती आग्नर एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या संदर्भात सुरू केला. त्यातून पुढे रांगांचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले. त्याचे एक साधे तत्त्व उदाहरणाने पाहू. एखाद्या स्थळी दर मिनिटास ३० माणसे आत जातात आणि रांगेत ९,००० माणसे उभी आहेत, असे समजा. एका नामवंतासाठी प्रवेश १० मिनिटे थांबविला, तर रांगेतील प्रत्येकाची १० मिनिटे जातात. म्हणजे सर्वांची मिळून १,५०० तासांची हानी होते. याउलट, प्रवेश न थांबविता तोच नामवंत आणि त्याचे सोबती अशी १० माणसे मध्येच घेतली, तर प्रत्येकास २० सेकंद अधिक थांबावे लागते आणि एकूण हानी ५० तासांची होते. तेव्हा खास वागणूक देणे ही एक गोष्ट, आणि तिच्यासाठी सर्वांचा मार्ग अडविणे ही त्याहून फार महाग अशी दुसरी गोष्ट. व्यवहारात हा भेद पुष्कळदा विसरला जातो.

तथापि, केवळ मिनिटांच्या हिशेबाने रांगेतील माणसाच्या मनाचा उलगडा होत नाही. २० सेकंद गेले म्हणून कोणी संतापत नाही. आपल्यामागून आलेला आपल्यापुढे गेला म्हणून तो संतापतो. अमेरिकेतील अभ्यासक रिचर्ड लार्सन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात रांगेतील सामाजिक न्यायाची कल्पना मांडली. जो आधी आला त्याला आधी मिळावे, हा रांगेचा अलिखित करार असतो, आणि तो मोडला की अल्प विलंबही असह्य वाटतो, असे त्या विवेचनाचे सार सांगता येईल. रांगेत उभा राहणारा मनुष्य आपला वेळ देऊन एक हक्क कमावीत असतो. दुसऱ्यास विनासायास पुढे नेले की त्याने दिलेल्या वेळेची किंमतच नाहीशी होते. तेथे वेळेची हानी अल्प असली, तरी मानाची हानी मोठी असते.

पुढे जाण्याचे आधार मुख्यतः चार आढळतात : मान, अधिकार, द्रव्य आणि कीर्ती. त्यांपैकी मान हा परंपरेने ठरलेला असतो. यात्रेतील मानाच्या काठ्या किंवा पालखीपुढील दिंड्यांचे क्रम गावोगाव ठाऊक असतात, आणि मानाबरोबर सेवेचे ओझेही येते. अर्थात परंपरेचा मान सदैव न्याय्य असतो असे नव्हे. पंढरपूरचे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. पुढे तेथील बडवे, उत्पात आदींचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द झाले, आणि त्यावरील दीर्घ न्यायालयीन वाद जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपला.

अधिकार पदावर अवलंबून असतो आणि पदाबरोबर जातो. द्रव्याचा आधार दरपत्रकावर छापलेला असतो. तिरुमलेस ३०० रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहे. करमणूक उद्यानांच्या जगात डिस्ने कंपनीने १९९९ साली ठरावीक वेळ नेमून देणारी ‘फास्टपास’ पद्धत विनामूल्य सुरू केली. अमेरिकेतील तिच्या उद्यानांत २०२१ साली तिची जागा सशुल्क पद्धतीने घेतली. तासावर आकार घेऊन स्वतंत्र मार्गदर्शक देण्याची सोयही तेथे आहे. आपल्याकडे खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या ‘इमॅजिका’ उद्यानानेही अधिक किमतीच्या जलद प्रवेशाच्या तिकिटाचा मार्ग अनुसरला. पैशाने पुढे जाणे कितपत योग्य, याविषयी मायकेल सँडेल यांच्यासारख्या तत्त्वचिंतकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत. तरी दर जाहीर असल्यामुळे निदान नियम कोणता, हे सर्वांस कळते.

कीर्तीचे तसे नाही. नामवंत कोण आणि त्याला किती सूट द्यावी, याचे पत्रक कोठेही लागलेले नसते. दाराशी उभा असलेला व्यवस्थापक ते क्षणात ठरवितो. वस्तुतः येथेही एक देवघेव असतेच. नटाचे वा खेळाडूचे छायाचित्र प्रसिद्ध झाले की उद्यानाची जाहिरात होते आणि उत्सवाचा लौकिक वाढतो. मात्र या व्यवहारात लाभ दोघांचा होतो आणि मोल देतो तो तिसराच, म्हणजे रांगेत ताटकळणारा. मुंबईत लालबागच्या राजाच्या दर्शनासाठी लोक तासन्‌तास उभे असता नामवंत मंडळी सहज पुढे जाताना दिसतात, आणि गणेशोत्सवात त्याविषयी वृत्तपत्रांतून नाराजी व्यक्त होते. तिचे कारण हेच आहे. करमणूक उद्यानांचे चालक या बाबतीत अधिक सावध असतात. ते नामवंतांना मागील दाराने आत घेतात. त्यामुळे रांगेचा क्षोभ टळतो. पण पाळण्यातील जागा मात्र रांगेच्या वाट्यातूनच जाते.

येथे नामवंतांची बाजूही मांडणे अवश्य आहे. प्रसिद्ध माणूस सामान्य गर्दीत उतरला, तर तोच धोक्याचे कारण होऊ शकतो. हैदराबाद येथे ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘पुष्पा २’ चित्रपटाच्या खास खेळास नायक अल्लू अर्जुन आले असता चित्रपटगृहात चेंगराचेंगरी होऊन एका स्त्रीचा मृत्यू झाला. तेव्हा स्वतंत्र मार्ग हा काही वेळा इतरांच्या रक्षणासाठीही लागतो. परंतु याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. प्रयागराजच्या कुंभमेळ्यात २९ जानेवारी २०२५ रोजी चेंगराचेंगरीत शासकीय आकड्यानुसार ३० जण मृत्युमुखी पडल्यानंतर अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या वाहनांचे परवाने रद्द करण्यात आले. अफाट गर्दीत मार्ग राखून ठेवणे म्हणजे उरलेल्यांची जागा आकुंचित करणे होय, हे तेथे मान्य करावे लागले. त्याच सुमारास देवळांतील सशुल्क खास दर्शनाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. देवस्थानांत कोणास खास वागणूक असू नये असे मत न्यायालयाने व्यक्त केले. मात्र हा प्रश्न समाजाने व देवस्थानांच्या व्यवस्थापनांनी सोडवावयाचा आहे, असे सांगून निर्देश देण्यास नकार दिला.

मग समाजाने कोणती कसोटी लावावी? वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचविता येतात. सूट सुरक्षिततेसाठी असेल, तर ती सुरक्षिततेपुरतीच असावी. मार्ग वेगळा, पण वेळ अधिक नाही. सूट कोणास व का, हे आधी जाहीर असावे. आणि कोणासाठीही चालती रांग थांबवू नये. वृद्ध, अपंग व तान्ह्या मुलांच्या माता यांना पुढे नेले असता रांग सहसा कुरकुरत नाही, कारण तेथील कारण सर्वांस दिसते व पटते. खास वागणूक मुळातच निषिद्ध नाही. जी रांगेस पटवून देता येत नाही ती निषिद्ध आहे.

या कसोटीचा एक सुंदर दाखला आपल्या घरचाच आहे. आषाढी एकादशीस पंढरपूर येथे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते शासकीय महापूजा होते, आणि त्या वेळी दर्शनरांगेच्या अग्रभागी असलेल्या वारकरी दांपत्यास ‘मानाचे वारकरी’ म्हणून पूजेस बसविले जाते. त्यांना वर्षभर एस. टी. ने मोफत प्रवास करण्याचा पासही मिळतो. हे दांपत्य कोण असेल हे आदल्या दिवशी कोणासही ठाऊक नसते. कीर्तीने, पदाने वा पैशाने ती जागा मिळत नाही. ती उभे राहून मिळते. येथे मान रांगेस डावलून नव्हे, तर रांगेतूनच उपजतो.

त्याच देवळाच्या महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे. येणाऱ्या भक्तांची पायधूळ लागावी म्हणून आपणांस पायरीपाशी जागा मिळावी, ही नामदेवांची इच्छा होती, असे परंपरा सांगते. औंढ्यास ज्यांना मागे सारले गेले, त्यांनी पंढरीस गाभाऱ्यातील जागा मागितली नाही. जेथून प्रत्येकास जावेच लागते, ती जागा मागितली. आज त्या पायरीपाशी लहानथोर सारेच नमतात.