भिंग, स्थिर केंद्रांतराचे
ज्याचे केंद्रांतर बदलता येत नाही असे छायाचित्रणाचे भिंग. व्यवहारात त्यास ‘प्राइम लेन्स’ म्हणतात. झूम भिंगापेक्षा याची रचना साधी असल्याने ते सामान्यतः हलके असते आणि त्याचे छिद्र मोठे ठेवता येते. एफ/२ छिद्रातून एफ/४ च्या चौपट प्रकाश आत येत असल्याने मंद प्रकाशात ते विशेष उपयुक्त ठरते. पॉल रूडोल्फ यांची १८९६ मधील सहा घटकभिंगांची ‘प्लॅनार’ रचना अशा अनेक भिंगांचा पाया ठरली.

२४ × ३६ मिमी. चौकटीचा कर्ण सु. ४३ मिमी. असतो, त्याच्या जवळचे ५० मिमी. केंद्रांतर प्रमाण मानतात. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ यांनी प्रामुख्याने तेच वापरले. अरुंद जागेत ३५ मिमी., तर व्यक्तिचित्रणास ८५ मिमी. भिंग सोयीचे पडते. लांब केंद्रांतरामुळेच चेहरा प्रमाणबद्ध दिसतो, हा रूढ समज मात्र चुकीचा आहे. यथादर्शन विषयापासूनच्या अंतरावर अवलंबून असते. लांब केंद्रांतराचे भिंग छायाचित्रकारास केवळ दूर उभे राहू देते. त्यामुळे एकच भिंग घ्यावयाचे असल्यास आपण विषयापासून सहसा किती अंतरावर उभे राहतो, हे आधी पाहणे इष्ट. कॅमेऱ्यातील संवेदक दीडपट लहान असल्यास ३५ मिमी. भिंगच प्रमाण भिंगाचे काम करते.