जलजीवनाचा चित्रपुरावा : पवनारच्या संदर्भात

वर्धा जिल्ह्यातील धाम नदीकाठचे पवनार म्हणजेच वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. राजवंश, नाणी व मृद्भांडी यांचा विचार अशा स्थळी होतोच. परंतु त्या काळी नदीत कोणते जीव नांदत होते, हा प्रश्नही तितकाच विचारार्ह आहे. धामच्या वरच्या भागात आज धरण आहे. अशा नदीचे मूळ रूप कोणते मानावे, हे ठरविण्यासाठी जुन्या पुराव्याची गरज भासते. त्यांपैकी एक पुरावा म्हणजे चित्रे.

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील हरिषेणाचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तेथील चित्रांत जलाशय, कमळे व हंस विपुल आहेत. दुसऱ्या लेण्याच्या छतावरील तेवीस हंसांचा पट्टा सुप्रसिद्ध आहे; सतराव्या लेण्यात हंसजातक चितारलेले आहे. परंतु यांतील प्रत्येक आकृतीचे पुरावामूल्य सारखे नाही. हत्तीची सोंड, सुसरीचा जबडा व माशाची शेपटी यांच्या संयोगातून घडलेला मकर हा संकेत होय. त्यावरून कोणतीही जाती सिद्ध होत नाही. हंस म्हणजे पट्टकादंब असावा, असे फोगेल यांनी १९६२ च्या ग्रंथात मांडले. तथापि हंसांची संख्या ही छताच्या रचनेची गरज आहे, पक्षिगणना नव्हे. उलट, पान अखंड वर्तुळाकार असून पाण्यावर उभे असेल तर ते कमळ, आणि चीर असलेले पान पाण्यावर पसरलेले असेल तर ती कुमुदिनी, असा भेद चित्रकाराने पाळला असल्यास त्याला निरीक्षणाचे मोल येते.

दुसऱ्या टोकाला वैज्ञानिक चित्रण आहे. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी कर्नल सायक्स याने दख्खनच्या माशांची वर्णने १८३९ मध्ये व चित्रांसह सविस्तर लेख १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय सोसायटीमार्फत प्रसिद्ध केला. ‘नुक्ता’, ‘बोगट’, ‘फुलुंगी’ ही लोकनामे त्याने शास्त्रीय नामांत जतन केली. त्याच्या ‘मसुल्ला’ माशाची गणना पुढे महसीरांत झाली. २०१३ मध्ये मूळ नोंदीच्या फेरतपासणीने तो हायप्सेलोबार्बस या निराळ्या प्रजातीत गेला. म्हणजे नोंद जुनी झाली तरी तिचा अर्थ पुन्हा लावता येतो.

यावरून तीन नियम निष्पन्न होतात. संकेत व निरीक्षण यांची प्रथम फोड करावी. चित्रात जीव नसणे, हा तो नदीत नसल्याचा पुरावा मानू नये. चित्रकार आपल्या आवडीचे, मालकाच्या हौसेचे अथवा बाजारात येणारे तेवढेच रंगवितो. आणि पुरावा खोऱ्याबाहेर नेऊ नये. अजिंठ्याची वाघोरा तापीच्या खोऱ्यातील, सायक्सची भीमा कृष्णेच्या, तर धामचे पाणी वर्धा-प्राणहितेच्या मार्गे गोदावरीला मिळते. राजवंश एक असला तरी मासे एक असतीलच, असे नाही.

सबब पवनारसाठी चित्र हे उत्तर नव्हे, प्रश्नावली होय. कमळ, हंस, कासव, मासा यांपैकी काय शोधावयाचे ते चित्र सुचवील. निर्णय मात्र उत्खननातील माती बारीक चाळणीने चाळून मिळणारे माशांचे मणके, शिंपले व गाळातील परागकण यांनीच द्यावयाचा आहे.