मॉरिशसचा ऊस आणि एका विद्यार्थ्याचा प्रश्न



गेल्या ऑगस्टमध्ये कृषी पदविका विद्यालयाच्या १२ विद्यार्थ्यांबरोबर मॉरिशसला आठ दिवसांचा अभ्यास दौरा करण्याचा योग आला. या विद्यालयात मी आठवड्यातून दोन तास ऊस हा विषय शिकवतो, म्हणून मास्तर या नात्यानं मलाही बरोबर नेलं. आल्यावर 'काय पाहिलं ते लिहा' असा बऱ्याच जणांचा आग्रह झाला, म्हणून हा लेखनप्रपंच.

तिथला गळीत हंगाम साधारण जून ते डिसेंबर. आपल्याकडं आडसालीच्या लागणी चालू असतात, तेव्हा तिकडं तोडणी ऐन भरात असते. विमानतळाबाहेर पडताच दोन्ही अंगाला ऊसच ऊस. विमानात गप्प बसलेली पोरं गावच्या शिवारात आल्यासारखी बोलू लागली. उसाच्या रानात मधेच काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात. ज्वालामुखीचे हे दगड मजुरांनी हातानं वेचून रचले, तेव्हा कुठं ती जमीन लागणीस मोकळी झाली.

शेतीच्या दृष्टीनं घेण्यासारखं पुष्कळ आहे. रेदुई इथली ऊस संशोधन संस्था १९५३ सालची. एकदा लागण केली की सात-आठ खोडवी सहज घेतात. आपण मात्र खोडव्याला सावत्र लेकरासारखं वागवतो आणि मग उतारा पडला म्हणून कपाळाला हात लावतो. यावर पुढं सविस्तर लिहीनच. आज सांगायचं आहे ते वेगळं आहे.

राजधानी पोर्ट लुईसला समुद्रकाठी 'आप्रवासी घाट' आहे. २००६ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर या बंदरी उतरले. सगळे मिळून साडेचार लाखांवर. त्यात रत्नागिरीकडचे आपले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज आज तिथं गणेश चतुर्थी करतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. घाटाच्या १६ दगडी पायऱ्या चढून माणूस वर आला की त्याची नोंद होई आणि मग उसाच्या मळ्यावर रवानगी. सुरुवातीच्या करारात गड्याला महिना ५ रुपये व वर शिधा, मुदत ५ वर्षे. निघताना हाती थोडी आगाऊ रक्कम, ती पुढं पगारातून कापायची. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी जाई.

हे मी पोरांना समजावून सांगत असताना मागं उभा असलेला एक विद्यार्थी म्हणाला, "सर, म्हणजे उचलच की ही."

मी मान डोलावली आणि पुढं निघालो. दुसऱ्या दिवशी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गेलो. ही संस्था १९७० सालची. त्या मजुरांची जुनी दप्तरं इथं जतन केली आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, क्रमांक आणि पुढच्या काळात फोटोसुद्धा. नोंदी काही प्रेमापोटी झाल्या नव्हत्या, माणूस पळून जाऊ नये म्हणून झाल्या होत्या. पण आज पणतू-खापरपणतू येऊन त्यांतच आपलं मूळ शोधतात.

तोच विद्यार्थी बाहेर आल्यावर माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "सर, माझे आईवडील दरसाल तुमच्याच गटात तोडीला येतात. माझ्या आईचं नाव कारखान्याच्या कुठल्या कागदावर असेल?"

मला उत्तर देता येईना. वर्षभर हा मुलगा माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसत होता. करारावर मुकादमाचं नाव असतं. वजनाच्या पावतीवर सभासदाचं नाव, गाडीचा नंबर, उसाची जात, टनेज, सगळं असतं. ऊस कोणी तोडला, याला रकानाच नाही. टोळी आली की मी आजवर एवढंच विचारत आलो, "किती कोयते?"

"नाही रे बाळा, कुठंच नाही," एवढंच मी त्याला सांगितलं.

मंडळी, या हंगामात मी माझ्या गटातल्या टोळ्यांची एक वही केली आहे. नवरा-बायको दोघांचीही नावं, गाव, लेकरं किती, शाळेत जातात का, याची नोंद ठेवतो. पहिल्या पानावर पहिलं नाव त्या मुलाच्या आईचं आहे. ते त्यानंच लिहिलं. वहीनं कुणाची उचल फिटत नाही, हे मला कळतं. पण माणूस मोजायला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

आपणाकडं मागणं फार नाही. तोड आली की फडाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचा एक बॅरल भरून ठेवा. लहान लेकरांसाठी सावलीची जागा दाखवा. गाडी भरायला रात्र झाली तर उजेडाची सोय करा. आणि टोळीतल्या माणसाला 'ए कोयता' न म्हणता नावानं हाक मारा. नाव ठाऊक नसेल तर वही गट ऑफिसात आहे, येऊन पाहा.

आपला,
ऊस विकास अधिकारी