एकशे आठ पेले

रंगरेषांपलीकडे : लेखांक ७

मागच्या लेखांकात मांडणशिल्प म्हणजे काय ते आपण पाहिलं. आज त्यातलंच एक काम जवळून बघू. पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचं, २०१७ सालचं. त्याचं नावच एक प्रश्न आहे : पाण्याची जात कोणती?

पाणी प्यायचे पेले, १०८. प्रत्येकात वाळून गेलेलं पंचगव्य : शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप. एवढंच. रंग नाही, कुंचला नाही. महाड ठाऊक नसलेल्याला हे धुवायचे राहिलेले पेले वाटतील. ज्याला ठाऊक आहे, तो मोजायला लागतो.

महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं १९२४ मध्येच सर्वांना खुलं केलं होतं, फक्त कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तिथे गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर गावात सत्याग्रहींना मारहाण झाली आणि ‘बाटलेलं’ तळं शुद्ध करण्यासाठी त्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतल्या गेल्या. गुडी यांनी ती संख्या उचलली आणि घागरीच्या जागी पेला आणला. मला हा बदल फार मोठा वाटतो. घागर इतिहासात राहते. पेला आपण रोज ओठाला लावतो. कामवाल्या बाईंसाठी वेगळा ठेवलेला कप अजून किती घरांत आहे, हे सांगायला कलावंत कशाला हवा!

गुडी यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात समाजशास्त्र शिकून पुढे मँचेस्टरला दृश्य मानववंशशास्त्राचा अभ्यास केला. स्वतःच्या दलित वारशाबद्दल त्या उघडपणे बोलतात. मातीकाम, छायाचित्र, कागदाचा लगदा, मजकूर, जे लागेल ते त्या हाती घेतात. विषय मात्र पुन्हा पुन्हा अन्नपाण्याशी येतो. कारण जात आधी ताटात दिसते : कोणी कोणाकडचं खायचं, कोणी उरलेलं खायचं, कोणी मेलेलं ढोर ओढून न्यायचं.

त्यांचं मला सर्वांत जवळचं वाटणारं काम म्हणजे पाककृतींच्या पुस्तिका. दलित साहित्यात जिथे जिथे खाण्याचा किंवा उपासमारीचा प्रसंग येतो, तो त्या वेचतात आणि पाककृतीच्या रूपात लिहितात. त्यातला ‘मी’ जातो, ‘तुम्ही’ येतो. याने काय होतं, ते स्वतः करून पाहिल्याशिवाय कळत नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त आजी, संतामाय, शेणात न पचता पडलेले ज्वारीचे दाणे गोळा करते. आता तो प्रसंग मी पाककृती म्हणून लिहून पाहतो : शेणाचे पो गोळा करा. पाण्यात कालवून दाणे वेगळे करा. उन्हात वाळवा. दळा. भाकरी थापा.

तिसऱ्या ओळीला माझा हात थांबला. आत्मकथन वाचताना आपण हळहळतो, पण हळहळणारा बाहेरच उभा असतो. पाककृती त्याला चुलीपुढे बसवते.

मराठी घरात पाककृतीचं पुस्तक म्हटलं की १९७० पासून ‘रुचिरा’. वाटी-चमच्याच्या मापाने तिने पिढ्यांना स्वयंपाक शिकवला, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण वाळवलेल्या मांसाच्या चान्या मराठीत पुस्तकांच्या पानावर आल्या त्या आत्मकथनांतून. महार-मांगांची खाद्यसंस्कृती घेऊन शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ यायला २०१५ उजाडलं. त्या लोकांनी काही शिजवलंच नव्हतं, असं थोडंच होतं?

गुडी यांची २०१८ ची छायाचित्रमालिका याच वाटेवरची आहे, पण सूर वेगळा. तिथे दलित कुटुंबं एकत्र बसून जेवताहेत. घरगुती अल्बममधले फोटो असावेत तसे. भरलेली ताटं, माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि वाढणारं कुणीतरी अजून उभंच.