हलक्या उत्तेजित अणुकेंद्रांतून होणारे न्यूट्रॉन-उत्सर्जन : इलेक्ट्रॉन-प्रकीर्णन प्रयोगांच्या संदर्भात

प्रस्तावना

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना होईपर्यंत जळगाव व धुळे येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. त्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात ६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा रेसट्रॅक मायक्रोट्रॉन हा इलेक्ट्रॉन-वेगवर्धक उभारण्यात आला. एवढ्या लहान यंत्राने अणुकेंद्रातून न्यूट्रॉन बाहेर काढता येतो काय, आणि त्यावरून अणुकेंद्राविषयी कितपत ज्ञान होते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

न्यूट्रॉन सुटण्याची सीमा

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वस्तुमानांच्या कोष्टकावरून मिळते. बेरिलियम-९ चे वस्तुमान ९.०१२१८३ एकक आहे. बेरिलियम-८ (८.००५३०५) व न्यूट्रॉन (१.००८६६५) यांची बेरीज ९.०१३९७० येते. फरक ०.००१७८७ एकक, म्हणजे सुमारे १.६७ एमईव्ही. एवढी ऊर्जा मिळताच न्यूट्रॉन सुटू शकतो. हेच गणित कार्बन-१२ साठी केल्यास उत्तर १८.७२ एमईव्ही येते. ६ एमईव्हीच्या यंत्राला बेरिलियम साध्य आहे, कार्बन-१२ नाही.

पुण्यातील पद्धती

पुणे येथील संशोधकांनी याच गुणधर्माचा उपयोग केला. इलेक्ट्रॉन प्रथम टंगस्टनवर आदळतात. तेथे त्यांचा वेग रोखला जाऊन गॅमा किरण निर्माण होतात व हे किरण बेरिलियममधून न्यूट्रॉन मुक्त करतात. न्यूट्रॉन-स्रोत म्हणून ही पद्धती उपयुक्त आहे. तथापि या गॅमा किरणांची ऊर्जा शून्यापासून ६ एमईव्हीपर्यंत सलग पसरलेली असते. त्यामुळे एखादा न्यूट्रॉन बेरिलियमच्या १.६८ एमईव्हीच्या पातळीतून आला की २.४३ च्या, हे केवळ न्यूट्रॉन मोजून सांगता येत नाही.

प्रकीर्णित इलेक्ट्रॉनची साक्ष

ही उणीव इलेक्ट्रॉन-प्रकीर्णनाने भरून निघते. इलेक्ट्रॉन आपली काही ऊर्जा थेट अणुकेंद्राला देऊन विचलित होतो. त्याची आधीची व नंतरची ऊर्जा मोजली की, अणुकेंद्राचा अत्यल्प प्रतिक्षेप वजा जाता, वजाबाकी हीच उत्तेजन-ऊर्जा होय. शिवाय प्रकीर्णनाचा कोन बदलून, उत्तेजन-ऊर्जा तीच ठेवूनही, दिला जाणारा संवेग बदलता येतो. गॅमा किरणाबाबत हे शक्य नसते, कारण त्याची ऊर्जा ठरली की संवेगही ठरतो.

कार्बन-१२ चे उदाहरण घेऊ. सुमारे २३ एमईव्हीला त्याचे महाअनुस्पंदन आढळते. त्यातून १८.७२ वजा जाता सुमारे ४.३ एमईव्ही उरतात व न्यूट्रॉन आणि कार्बन-११ यांच्यात विभागले जातात. न्यूट्रॉनला यातील बारापैकी अकरा भाग, म्हणजे सुमारे ३.९ एमईव्ही मिळतात. न्यूट्रॉनची ऊर्जा याहून ठळकपणे कमी आढळली, तर कार्बन-११ उत्तेजित राहिले असे अनुमान निघते. न्यूट्रॉन विद्युतभाररहित असल्याने त्याची ऊर्जा ठरावीक अंतर कापण्यास लागलेल्या वेळेवरून काढतात.

संपाताची अडचण

मात्र इलेक्ट्रॉन व न्यूट्रॉन एकाच घटनेतील आहेत याची खात्री हवी. दोघांची एकाच वेळी नोंद होणे म्हणजे संपात. खरे संपात इलेक्ट्रॉन-झोताच्या तीव्रतेच्या प्रमाणात वाढतात. योगायोगाने घडणारे संपात तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात. मायक्रोट्रॉनचा झोत स्पंदित असतो. सर्व इलेक्ट्रॉन अल्पशा स्पंदांत एकवटल्यामुळे खोट्या नोंदींत खऱ्या नोंदी बुडून जातात. म्हणूनच जपानमधील सेंदाई येथे तोहोकू विद्यापीठात स्पंद लांबविणारे वलय वापरून कार्बन-१२ वर असे प्रयोग १९९० च्या दशकात करण्यात आले.

निष्कर्ष

न्यूट्रॉन काढण्यास पुरेशी ऊर्जा लागते. त्याचा उगम जाणण्यास प्रकीर्णित इलेक्ट्रॉनची साक्ष व सलग झोतही लागतो. पहिली गोष्ट पुण्यात साध्य झाली, दुसरीसाठी वेगळे यंत्र हवे. उपरोक्त गणिताचे महत्त्व मात्र प्रयोगशाळेपुरते नाही. शिसे-२०८ ची सीमा ७.३७ एमईव्ही आहे. कर्करोगोपचारातील वेगवर्धक १० एमईव्हीहून अधिक ऊर्जेवर चालविल्यास त्यातील जड धातूंतून न्यूट्रॉन सुटू लागतात आणि उपचारकक्षाच्या दाराची रचना त्यानुसार करावी लागते. असा कक्ष उभारताना ही वजाबाकी आधी केलेली असणे आवश्यक आहे, आणि ती पदवीच्या विद्यार्थ्यालाही करता येण्यासारखी आहे.