विमानाचें अंतर आणि प्रवासाचा काळ

कर्जतचा एखादा विद्यार्थी परीक्षेस किंवा मुलाखतीस दिल्लीस निघाला, कीं घरांतील वडील मंडळी प्रथम विचारतात, "विमानानें किती वेळ लागतो?" उत्तर मिळतें, "दोन तास." हें उत्तर खोटें नव्हे, परंतु त्याचा अर्थ नीट समजून न घेतल्यास ऐन वेळीं घात होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम अंतर पाहूं. पुण्याचा लोहगांव विमानतळ व दिल्लीचा विमानतळ यांमधील सरळ अंतर सुमारें ११५० किलोमीटर भरतें. आगगाडीचा मार्ग मात्र १५०० किलोमीटरांहून लांब आहे, कारण रुळांस वळसे घ्यावे लागतात. परंतु 'सरळ' म्हणजे नकाशावर पट्टीनें ओढलेली रेघ नव्हे. पृथ्वी वाटोळी आहे. शाळेंतील पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्यें दोरा ताणून धरावा; तो जेथून जाईल तोच जवळचा मार्ग. मुंबई व न्यूयॉर्क यांवर दोरा धरिल्यास तो उत्तरेकडे केवढा झुकतो तें दिसेल.

आतां काळ. मोठें प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशीं सुमारें ८०० किलोमीटर वेगानें चालतें. ११५० ला ८०० नीं भागिलें असतां १ तास २६ मिनिटें येतात. मग वेळापत्रकांत दोन तासांहून अधिक कां? कारण विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागीं उभें राहीपर्यंतचा सर्व वेळ तेथें धरितात. धांवपट्टीपर्यंत सावकाश जाणें, पाळीची वाट पाहणें, चढतांना व उतरतांना वेग कमी असणें, नेमून दिलेल्या हवाई मार्गांचीं वळणें, हें सर्व त्यांत आलें. शिवाय वारा आहेच. उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा वाहतो. म्हणून मुंबईहून लंडनास जातांना जितका वेळ लागतो, त्याहून परततांना कमी लागतो.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा ह्यांनीं टपालाचें छोटें विमान कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जुहू येथें आणिलें. त्याचा वेग ताशीं सुमारें १०० मैल. सकाळीं निघून पोहोंचावयास दुपार झाली. आजचा वेग त्याच्या पांचपट आहे.

तरी घरापासूनचा हिशेब निराळाच. कर्जतहून लोहगांवास मोटारीनें तीन तासांहून अधिक लागतात. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत काकडी येथें शिर्डीचा विमानतळ सुरू झाला, पण तोही आम्हां कर्जतकरांस कांहीं जवळ नाहीं. उड्डाणापूर्वीं दोन तास हजर राहणें, विमानांतील सव्वादोन तास, आणि उतरल्यावर सामान घेऊन मुक्कामीं जाण्यास दीड तास धरिल्यास एकूण नऊ तास होतात. हिंवाळ्यांत दिल्लीस दाट धुकें पडलें, तर याहूनही उशीर होतो. तेव्हां ज्यास सकाळीं दहास तेथें हजर व्हावयाचें आहे, त्यानें आदल्या दिवशींच निघावें.

विद्यार्थ्यांनीं 'अंतर भागिलें वेग' हें सूत्र अवश्य ध्यानांत ठेवावें. मात्र उत्तराखालीं रेघ मारण्यापूर्वीं, आपण घराच्या उंबरठ्यापासून मोजलें आहे ना, एवढें पाहावें.